ते पाणी बाळाप्पा प्याले होते

बाळाप्पा,

परवा तुम्हाला खांदा देऊन, मूठभर माती टाकून घरी आलो, तर आमचे थोरले अण्णा दारातच उभे. शहापूरच्या आमच्या गल्लीत बातमी माझ्या आधी पोचली होती. अण्णांनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि विचारलं, "महारवाड्यात गेलतास म्हणं? खांदा दिलास?"

"दिला."

"मग आंघोळ केल्याबिगर आत यायचं न्हाय."

मी आंघोळ केली. निपाणीपासून मोटारीच्या धुळीत आलो होतो, अंग घामानं चिकटलं होतं, म्हणून केली. अण्णांना तसं सांगितलंही. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी मी अंगावर तांब्याभरही पाणी घेतलेलं नाही, हे गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. तेव्हापासून घरात माझं ताट वेगळं मांडतात. मांडू देत.

तुम्ही हसला असता. "साहेब, आता कळलं का येगळ्या ताटाची चव?" असं काहीतरी बोलला असता.

सगळ्यात आधी एक गोष्ट. मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतोय. मोजणी खात्यात आपण बरोबर होतो तेवढी सगळी वर्षं मी तुम्हाला 'बाळ्या' आणि 'अरे' म्हणत आलो. तुम्ही माझ्यापेक्षा चार पावसाळे मोठे होता आणि मला 'साहेब' म्हणत होता. मी तर साधा मोजणीदार, शहापूरच्या हातमागवाल्या घरातला, मॅट्रिक झालो म्हणून खुर्चीवर बसलेला. तुम्ही जमीन मोजायची साखळी ओढत होता. जिवंत माणसाला 'तुम्ही' म्हणायचं धाडस झालं नाही, आणि आता म्हणतोय यात काही मोठेपणा नाही. पण म्हणणार.

तुमच्यामागं शोकसभा झाली नाही. कचेरीत कुणी उभंही राहिलं नाही. एका कारकुनानं मला सांगितलं, "साखळीवाल्यावर कसला लेख लिहिता?" त्याला म्हटलं, बेळगाव-निपाणीकडच्या अर्ध्या शेतांच्या हद्दी ज्यानं पायानं चालून ठरवल्या, त्याच्यावर लिहिणार. आपण कारकून-मोजणीदार ज्या नकाशांवर सह्या करतो, ते त्याच्या टाचांच्या भेगांतून निघालेत. आणि हा लेख मी छापायला देणार आहे.

आपलं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि वळवाच्या आधी आवरायचं. एक बैलगाडी, एक राहुटी, साखळी, झेंडे, मोजणीची फळी, नकाशांची पत्र्याची नळी. दर सात-आठ दिवसांनी मुक्काम हलवायचा. दुसऱ्याच वर्षी कोगनोळीजवळच्या एका ओढ्यात तुम्हाला एक कुत्री सापडली, पिल्लूच अजून. तांबूस रंगाची, एक कान पडलेला. स्वतःची शेपूट पकडायला गोलगोल फिरायची, म्हणून तिला भिंगरी नाव ठेवलंत. मी रागावलो होतो. "कचेरीच्या कामात कुत्रं कशाला?" तर म्हणालात, "राहुटीला राखण नको व्हय? नकाशे उंदरानं कुरतडले तर पगार माझा कापतील."

तिथून मुक्कामाची अडचण सुरू झाली. चावडीत कुत्रं चालत नव्हतं. धर्मशाळेत नव्हतं. देवळाच्या ओवरीत तर नावच नको. तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेब, तळ्याकाठी राहू या. बैलांस्नी पाणी, भिंगरीला पाणी, वर झाडाची सावली." मला पटलं. पुढं तीच रीत पडली. मुक्काम हलवायच्या आदल्या दिवशी तुम्ही भिंगरीला घेऊन पुढं जायचा, गावात विचारून यायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा. "त्या गावचं तळं बरं हाय. कुत्र्याला कुणी काय म्हणत न्हाय." किंवा, "तिकडं नको साहेब. कुत्र्याला दगूड मारत्यात."

मी समजत होतो, हा माणूस कुत्रीवर फारच जीव लावून आहे. एका कुत्रीसाठी तीन-तीन मैलांचा वळसा! पण तुम्ही निवडलेल्या जागा चांगल्या असायच्या. एक तळं तर मी अजून विसरलो नाही. बांधावर वडाची रांग होती, पलीकडं धनगरांचा तळ पडला होता आणि त्यांची चार आडदांड कुत्री. पहिल्या दिवशी त्यांनी भिंगरीला पाण्यातच कोंडलं. तुम्ही धोतर खोचून मधे उभे राहिलात आणि धनगरांना हाका मारमारून घसा बसवलात. चौथ्या दिवशी ती पाचही कुत्री एकाच सावलीत जिभा बाहेर काढून पडलेली. तुम्ही मला दाखवून म्हणालात, "बघा, ह्यांचं तीन दिवसांत मिटलं."

मी हसलो. तुम्ही हसला नव्हता. हे मला तेव्हा दिसलं नाही.

आता ते गाव. नाव घालत नाही, पण वाचून त्यांना कळेल.

चैताचे दिवस होते. तुम्ही आदल्या दिवशी जाऊन आला होता, पण तुमचं समाधान झालेलं नव्हतं. "कुत्र्याचं काय न्हाय म्हणाले," एवढंच सांगितलंत. "पर तुमी सोता एकदा पाटलास्नी विचारा." मी उगाच कशाला म्हणून कुरकुर केली. तरी तळ्यावर राहुटी लावायच्या आधी चावडीवर गेलो. पाटील भला दिसत होता. ताक दिलं. म्हणाला, "कुत्रं पाण्यात उतरू दे की साहेब. आमच्या म्हशीबी बसत्यात. फकस्त तुमचा त्यो मानूस पायऱ्या उतरंल, ते चालायचं न्हाय."

तुम्ही दहा हातांवर झेंडा धरून उभे होता. ऐकू आलं असणारच.

मी म्हणालो, "बरं."

इतकंच. बाळाप्पा, एक शब्द. त्यावर मी रात्री शांत झोपलोसुद्धा.

तुमचं पाण्याचं मडकं वेगळं होतं. ते मीच ठरवलेलं. गाडीवान तळ्यातून घागर भरून आणायचा आणि वरून तुमच्या मडक्यात ओतायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या बैलाचा पाय दुखावला. तो बैलाला घेऊन लोहाराकडं गेला आणि दुपार टळली तरी आला नाही. मी चावडीत जुने नकाशे बघत बसलो होतो. तुम्ही सूर्य उगवल्यापासून माळावर साखळी ओढत होता. परत आलात, तर मडकं कोरडं. समोर तळं भरलेलं. त्यात म्हशी बसलेल्या.

भिंगरी पळत पायऱ्या उतरली आणि लपलपा प्यायला लागली. तुम्ही तिच्या मागोमाग उतरलात, गुडघ्यावर बसलात आणि ओंजळीनं प्यालात. एकदा नाही. पोट भरेपर्यंत. तुम्हीच मला नंतर सांगितलंत, "सात ओंजळी. मोजत हुतो."

धुणं धुणाऱ्या बायका ओरडल्या. मी आरडाओरडा ऐकून धावत आलो, तोवर पंचवीस-तीस माणसं काठ्या घेऊन जमली होती. एक दगड तुमच्या भुवईवर बसला होता. रक्त डोळ्यात उतरत होतं. तुम्ही पायरीवरच उभे होता, पळाला नव्हता. भिंगरी तुमच्या पुढं उभी राहून दात दाखवत होती. माणसांपैकी कुणीतरी म्हणालं, "हातपाय तोडा त्याचं."

मी गर्दीत घुसलो आणि ओरडलो, "कुत्रं गाळात रुतलं होतं! त्याला काढायला मीच सांगितलं. सरकारी माणसाला हात लावाल तर एकेकाला बघून घेईन!"

पाटलानं विचारलं, "म्हंजे पानी प्याला न्हाय?"

"नाही."

तुमच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. तुम्ही तोंड उघडलंत. म्हणालात, "मी..."

आणि मी तुमच्यावर खेकसलो, "गप!"

तुम्ही गप बसलात. काठ्या खाली आल्या. पाटलानं माणसांना मागं सारलं. गाडीवान येताच तासाभरात राहुटी गुंडाळली आणि आपण निघालो. भुवईवर मी दिलेलं फडकं बांधलं होतंत, ते वाटेतच सोडून टाकलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोललात. मी चहा घेत होतो. तुम्ही साखळीच्या कड्या पुसत होता, मान वर न करता म्हणालात, "साहेब, भिंगरी रुतली नव्हती."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? ठार मारलं असतं तुला. तुझी चंद्रा दोन वर्षांची आहे."

"मारलं असतं तर प्यालो म्हणून मारलं असतं. आता मी कुत्रीपायी मार खाल्ला." तुम्ही साखळी खाली टाकलीत. "मी तहान लागली म्हणून प्यालो. माझ्या पायानं गेलो, माझ्या हातानं प्यालो. तुमी ते बी माझ्याकडनं काढून घेतलं."

मी चिडलो. जीव वाचवल्याचे उपकार कुठं गेले, असं काहीतरी बोललो. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात.

"आजपातूर प्रत्येक गावात मी कुत्र्याचं नाव करून विचारत आलो. कुत्र्याला पाणी चालतंय का, कुत्र्याला बसायला जागा हाय का. मी माझ्यासाठी विचारत हुतो साहेब! कुत्र्याला जिथं दगूड, तिथं मला काय मिळणार? आणि कुत्र्याला जिथं हाड घालत्यात, तिथं तरी मला कुणी नीट बोलतंय का ते बघत हुतो. तुमाला येकदाबी कळलं न्हाय?"

नव्हतं कळलं. इतके दिवस वळसे घालून आपण जे तळ्यांचे काठ शोधत होतो, ते कुणासाठी, हे मला त्या सकाळी समजलं. मला वाटलं होतं, हे कुत्र्याचे लाड आहेत. तुम्ही एका माणसाला दोन घोट पाणी मिळेल अशी जागा धुंडाळत होता, आणि स्वतःऐवजी भिंगरीचं नाव सांगत होता, कारण तिच्यासाठी विचारायला लाज वाटत नव्हती आणि समोरच्याला रागही येत नव्हता.

आपलं ते भांडण तिथं संपलं नाही. पुढं कधीच संपलं नाही. आजही मला वाटतं, मी बोललो नसतो तर तुम्ही त्या पायऱ्यांवर मेला असता आणि चंद्रा बापाविना वाढली असती. आजही मला वाटतं, मी बोललो ते चुकलं. दोन्ही वाटतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "दोन्ही वाटायला तुमचं काय जातंय साहेब? दगूड मला लागला."

पण त्या दिवसापासून तुम्ही रीत बदललीत. पुढच्या गावात मी तुमच्याबरोबरच होतो. तुम्ही चावडीपुढं उभे राहिलात आणि गाडीवानाला न धरता चढ्या आवाजात म्हणालात, "आमी दोन माणसं आणि एक कुत्री. तिघंबी तळ्याचं पाणी पिणार. चालत असंल तर सांगा, न्हाय तर म्होरं जातो."

मी दोन पावलं मागं सरकलो. तुम्ही जागचे हलला नाहीत.

त्यांनी नाही म्हटलं. आपण पुढं गेलो. त्याच्या पुढच्या गावानंही नाही म्हटलं. उन्हात बैल थकले, माझं डोकं दुखायला लागलं, मी म्हणालो, "अरे, असं किती चालायचं?" तुम्ही म्हणालात, "तुमी बसा गाडीत. मी चालतोय न्हवं?" कामाचे दिवस वाया जात होते. वरून मला लेखी विचारणा आली, मुक्काम इतक्या लांब का? मी उत्तरात लिहिलं, पाण्याची सोय नाही. खोटं नव्हतं ते.

मग एका वस्तीवर, तळं कसलं, मोठं डबकंच म्हणायचं, एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. तिथं चावडी नव्हती, म्हणून तुम्ही तिलाच विचारलंत, तेच शब्द, त्याच आवाजात. तिनं तुमच्याकडं बघितलं, भिंगरीकडं बघितलं. म्हणाली, "ओरडतोस कशाला रं? पाणी काय पळून चाललंय? प्या की."

आपण तिथं पंधरा दिवस राहिलो. काम सात दिवसांचं होतं. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही माझ्या घागरीतून ओतून घेऊन प्यालात, माझ्यासमोर, माझ्याकडं बघत. मी दिलं, असं मी कधी सांगणार नाही. तुम्ही घेतलंत. मी फक्त गप्प बसलो, आणि या वेळचं गप्प बसणं मला बरं वाटलं. वेगळं मडकं परत गाडीत चढलं नाही.

त्यानंतर अशी तळी आपण बरीच शोधली. कुठं मिळाली, कुठं नाही. सांबऱ्याच्या माळावर विमानांची धावपट्टी व्हायच्या आधी तिथल्या एका पाणवठ्यावर भिंगरी गेली, म्हातारी होऊन, तुमच्या मांडीवर. तुम्ही तिला पुरलंत आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर उभे होता. पुढच्या गावात तुम्ही विचारलंत, "आमी दोन माणसं. दोघंबी पाणी पिणार." तिच्याविना ते वाक्य लहान झालं होतं, पण तुमचा आवाज तेवढाच होता.

श्रावणात तुम्ही तापानं पडलात. मी निपाणीला आलो तेव्हा तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपला होता. चंद्रा उशाशी होती. मुलींच्या शाळेत ती आता मास्तरीण झाली आहे. तुम्ही तिला म्हणालात, "साहेबास्नी चहा कर." मी चहा प्यालो. बोलायचं होतं ते बोललो नाही. पाऊस, पीकपाणी, स्वराज्य येणार म्हणतात, असलं काहीतरी बोलून उठलो. चौथ्या दिवशी निरोप आला.

माती झाल्यावर चंद्रा माझ्याजवळ आली. तिनं रडून घेतलं होतं. म्हणाली, "काका, आप्पा आम्हाला ती तळ्याची गोष्ट सांगायचे. सात ओंजळींची. पण शेवटी म्हणायचे, त्या गावात ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही. तिथं अजून कुत्रं रुतल्याचीच गोष्ट सांगतात."

मी घरी आलो, आंघोळीचं ते नाटक झालं, आणि सकाळी पुन्हा निपाणीच्या मोटारीत बसलो. चंद्राला म्हटलं, मी त्या गावात जाऊन खरं सांगून येतो. ती म्हणाली, "मीही येते."

फाट्यावर उतरून दीड मैल चाललो. त्या वेळचा पाटील आता नाही, त्याचा मुलगा पाटील आहे. काठी घेऊन आलेल्यांत तोही होता, तेव्हा मिसरूड फुटलेला. त्यानं मला ओळखलं, बसायला घोंगडं टाकलं. चंद्राकडं बघून विचारलं, "ह्या कोन?"

"बाळाप्पांची मुलगी."

चावडीत दहा-बारा माणसं होती. मी उभा राहिलो. म्हणालो, "त्या दिवशी कुत्री गाळात रुतली नव्हती. मी खोटं बोललो. बाळाप्पा तुमच्या तळ्याचं पाणी प्याले होते. तहान लागली म्हणून, पोटभर प्याले. काल त्यांना माती दिली. हे सांगायला आलोय."

मला वाटलं होतं, गोंधळ होईल. कुणीतरी उठेल. कुणी उठलं नाही. पाटील जमिनीकडं बघत म्हणाला, "आमास्नी त्याच दिवशी ठावं हुतं साहेब. त्याचं तोंड वलं हुतं की."

"मग?"

"तुमी वाट काढून दिली, आमी धरली. तुमाला बी बरं, आमाला बी बरं. मानूस मारून कोन सुखानं जेवतंय?"

इतकी वर्षं मी समजत होतो, मी त्यांना फसवलं. बाळाप्पा, फसलं कुणीच नव्हतं. त्यांनी आणि मी मिळून एक खोटं उभं केलं होतं, सगळ्यांच्या सोयीचं. तुमची तेवढी सोय त्यात नव्हती.

"बाळाप्पांना नव्हतं ते बरं," मी म्हणालो.

मागून एक जण पुटपुटला, "झालं गेलं. आता काय त्याचं?"

तेव्हा चंद्रा उठली. साधी पांढरी साडी, खांद्यावर शाळेची पिशवी. शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाली, "मी तळ्यावर चालले आहे. पाणी पिणार आहे. विचारत नाही, सांगून ठेवते."

ती निघाली. मी मागं निघालो. माझ्या मागं चावडीतली माणसं, पण हात मोकळे. तळ्यावर दोन बायका धुणं धुवत होत्या. चंद्रा पायऱ्यांशी पोचली तेव्हा त्यातल्या एकीनं पाटलाकडं बघितलं. पाटलानं दुसरीकडं बघितलं. मग त्या बाईनं आपले पिळलेले कपडे उचलून बाजूला घेतले आणि पायरीवर जागा करून दिली.

चंद्रा बसली. चप्पल काढली होती. ओंजळीनं प्याली, सावकाश. तोंडावर पाणी मारलं. वर आली तेव्हा पदरानं तोंड पुसत नव्हती, तसंच ओलं ठेवून सगळ्यांसमोरून चालत आली.

पाटलापुढं येऊन थांबली. मला वाटलं, बापाबद्दल काही बोलेल.

"पाणी गढूळ आहे," ती म्हणाली. "पोरं आजारी पडतील. उन्हाळ्यात ह्याचा गाळ काढायला पाहिजे. वर अर्ज करा. नाहीतर मीच लिहून आणते, पहिली सही माझी."